घट

चिंचोळी एमआयडीसीतून आलेली पुडी,
प्लास्टिकच्या दोन पिशव्या, वर रबरबँड.
आत फिकट पिवळी पूड. चिठ्ठीत मालकाचं अक्षर:
"घन आहे, मॅडम. स्थिर आहे. उडत नाही.
तेवढं लिहून द्या."

लिहून देण्याआधी मोजावं लागतं.

पितळेची डबी, अंगठ्याएवढी. तिला झाकण
कागदाहून पातळ पत्र्याचं,
मधोमध एकच भोक, पाऊण मिलिमीटर.
ते पाडून दिलं अशोक चौकामागच्या नरसय्या चिप्पांनी.
चाळीस वर्षं त्यांनी जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं टोचली;
चादरीवरचे मोर आधी त्यांच्या भोकांत बसायचे.
डोळ्याला भिंग लावून पत्रा उजेडाकडे धरला.
"यातनं दोरा बी जायचा नाही, अम्मा."
"दोरा नाहीच जाणार."
"मग काय जाणार?"
मला मराठीत सांगता येईना, तेलुगूत तर नाहीच.
पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.

मे महिना. बाहेर चव्वेचाळीस.
पुस्तक म्हणतं, पंचवीस अंशांवर स्थिर ठेवा.
लिहिणारा सोलापुरात राहिला नसावा.
इरण्णा रोज सायकलवरून, पोत्यात गुंडाळून
बर्फाची लादी आणतो, भुसा झाडतो,
टाकीत सोडतो आणि थर्मामीटरशी कानडीत भांडतो.
दुपारी दीडला लाइट जाते. पंप थांबतो.
डबीभोवतीच्या पोकळीत हवा शिरते
आणि सकाळपासूनचं वाचन मातीत.
वहीत लिहायचं: रद्द.
रद्द.
गुरुवारी वीज टिकली, बर्फ संपला. रद्द.

मालकाचा फोन: "शून्यच धरा की ओ.
तसंही डोळ्यांना काय दिसतंय?"

शनिवारी एक बाई आली, चपला दाराबाहेर काढून.
महानंदा माशाळ. नवरा त्याच शेडमध्ये, पॅकिंगला.
पिशवीतून आधी शर्ट काढला. दोनदा धुतलेला, इस्त्रीचा.
मग लेकीचा पांढरा फ्रॉक.
"ट्रंकेत शेजारी शेजारी होते, महिनाभर.
ओल नाही, पाणी नाही. कुणी हात लावला नाही."
फ्रॉकच्या एका बाहीवर
हळदीचं बोट पुसल्यासारखी झाक.
"मग हे हिकडं आलं कसं?"

चालत आलं, असं म्हणणार होते.
म्हटलं, कापूर कसा जातो, पातळ न होता?
तसंच. फक्त कापराला घाई असते.
ती म्हणाली, "कापराचा वास तरी येतो."
फ्रॉक घडी घालून ठेवून गेली.
परत न्यायला आली नाही.

मग आम्ही रात्री बसलो.
अकराला पंप सुरू. इरण्णा चादर पसरून
तराजूच्या टेबलाखाली आडवा.
लांब कुठंतरी पॉवरलूमची खटखट,
मधेच एक माग बंद पडायचा, मी वर बघायचे,
पुन्हा सुरू व्हायचा.
पहाटे पाचला डबी काढली. चिमट्यानं, श्वास धरून.
गेली तेव्हा चार पॉइंट दोन एक सहा तीन.
आली तेव्हा चार पॉइंट दोन एक पाच एक.
एक पूर्णांक दोन मिलिग्रॅम.
मिठाच्या चार-पाच कणांएवढं
त्या भोकातून निघून गेलेलं होतं.

वर्गमूळ काढलं. पुन्हा काढलं.
शून्य पॉइंट शून्य तीन पाच पास्कल,
हवेच्या दाबाचा तीस लाखावा भाग.
लहान आहे. शून्य नाही.

अहवालाचा कागद पुढं ओढला,
तापमानाच्या रकान्यात पंचवीस लिहिलं
आणि पेन तिथंच थांबलं.
पत्र्याच्या त्या शेडमध्ये
पंचवीस अंश कधी असतात?
थंडीत. पहाटे. कुलूप असताना.

इरण्णा उठला, डोळे चोळत सायकल काढू लागला.
त्याला म्हटलं, आज बर्फ नको.
टाकी चव्वेचाळीसवर लाव.