पावतीच्या पाठीमागं

जिनगोंडा चौगुले दूध संस्थेत फॅट काढायचा.
पहाटे काचेच्या नळीसमोर एक डोळा मिटून
पावती फाडायचा: म्हैस, दोन लिटर, सहा पूर्णांक आठ.
मागची बाजू कोरी जायची, ते त्याला बघवेना.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं,
अकरा महिने फाट्यापासनं आत दोन किलोमीटर,
बाराव्यात बेट.
रस्ता कृष्णेच्या पोटात गेला की दुधाचे कॅन नावेतनं जायचे
आणि नाव येईस्तोवर माणसं बोलत बसायची.
मगरीनं लग्नात चांदीची जोडवी आहेर दिली.
चोरांनी देऊळ उचलून नेलं, लाजून परत आणून ठेवलं,
पण घाईत तोंड उलटं झालं.
हे सगळं पावत्यांमागं, मुंगीच्या अक्षरात.
पदरचा शब्द घालायचा नाही.
सांगणारा खोकला, तर तसं लिहायचं: इथं खोकला.

ऑडिटरनं एकदा गठ्ठे मागवले.
रात्रभर त्याच्या खोलीत दिवा होता.
सकाळी लाल पेन्सिलीनं सगळ्यांवर ‘तपासले’
आणि एकाच पावतीवर शेरा:
‘हिशेब अपुरा. म्हशीचं पुढं काय झालं?’

ती तायव्वा अंबीची गोष्ट.
बेट म्हंजे म्हसच की गा,
उन्हाची नदीत बसली ती उठायचं इसरली.
पाठीवर गाळ साठला, गाळात ऊस आला,
उसामागनं आपण आलो.
पूर चढला की ती मान वर धरती.
पर एक दिस तिला धारंला हाक येती...
तेवढ्यात नावाड्यानंच हाक दिली.
ऱ्हायलेलं पाणी उतरल्यावर, म्हणत तायव्वा उठली.

त्याच साली लेकीनं तिला इचलकरंजीला नेलं.

जिनगोंडा गेला तिथं, पण रिटायर झाल्यावर,
पिशवीत खरवसाचा डबा आणि ती पावती.
मागच्या खोलीत चार माग खडखडत होते.
म्हातारीनं त्याला ओळखलं नाही.
मागांच्या वर आवाज काढून त्यानं वाचून दाखवलं,
‘हाक येती’ इथपर्यंत.
ती पुढं सरकली, त्याचा शर्ट धरला:
मग? उठली का म्हस?

पस्तीस वर्षांत पदरचा शब्द न घातलेला माणूस.
पावतीची घडी करत म्हणाला,
पाणी अजून उतरलं न्हाई, आक्का.

आता संस्थेत मशीन आहे, मी बटण दाबतो.
त्याचे गठ्ठे माझ्याकडं दिलेत.
त्या पावतीवर तळाला, वेगळ्या शाईत,
एवढंच आहे:
इथं माग.