तालीम

हार्गेट, अलाबामा. फेब्रुवारीतला मंगळवार.
चर्चच्या तळघरात इस्त्रीचा लांब फळा उघडला,
तेच काउंटर.
पुढे पाच घडीच्या खुर्च्या, रॉकेलच्या शेगडीचा वास,
आणि भिंतीवर पोरांनी रंगवलेली नोहाची नौका,
जिराफाची मान पार छताच्या पाइपापर्यंत गेलेली.

टार्पलीबाई म्हणाल्या, एझेल, तू गोरा हो.
आवाज मोठा होता माझा,
आणि कापसाच्या जिनिंगवर पाच वर्षं काढलेली,
म्हणजे शब्दांची ददात नव्हती.

आधी हसू आलं. मग सुरू झालो.
आठवावं असं काही लागलंच नाही.
मुकादमाचे, बस ड्रायव्हरचे,
पोस्टाच्या खिडकीतल्या त्या चष्मेवाल्याचे,
बापाला माझ्यादेखत ऐकवलेले,
पाढे यावेत तसे ओळीनं आले सगळे.
वर्लीनच्या मानेवर सिगारेटचा धूर सोडला.
क्लिओथाच्या डोक्यावर गार कॉफी ओतली,
हळूहळू, कानामागून कॉलरमध्ये उतरेल अशी,
आणि त्याच्या आईवरून एक शब्द बोललो.

तो फळ्याची कड धरून बसला होता.
एकदाच पापणी मिटली त्यानं.

तालीम म्हणतात याला.
पण इथे उचललेला हात खाली ठेवणं कमवायचं,
रोज थोडंथोडं,
दंड भरावेत तसं.

पाऊण तासानं बाईंनी घड्याळ पाहिलं.
तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेली बाई,
थकली तरी बोटांवर खडू असल्यासारखी बोटं झटकायची.
म्हणाल्या, आता तू खुर्चीत बस.
मॅनेजर विचारतोय, काय पाहिजे? सांग.

तोंड उघडलं मी, आणि ब्र निघेना.
म्हटलं, साहेब, कृपा करून...
‘कृपा खोड.’
म्हटलं, आम्हाला आमचा हक्क द्या.
‘तो आहेच तुझा. आहे ते मागतोस कशाला?’
मग काय म्हणू?
बाई खिडकीकडे बघत राहिल्या, वर रस्त्यावर
कुणाचे तरी बूट जात होते.
‘कॉफी म्हण. एक कॉफी, आणि पायचा तुकडा.
साधं वाक्य आहे.
साधं वाक्य खोडायला त्यांना
अख्खं राज्य उभं करावं लागतं, पोलिसांसकट.’

शनिवारी डनलोच्या दुकानात
माझ्याच वयाचा एक पोरगा आला, कान लाल.
सुरू झाला.
तेच शब्द. जवळजवळ माझ्याच क्रमानं.
मुकादमाचा झाला, ड्रायव्हरचा झाला,
आणि मध्येच अडला.
मागचे मित्र वाट बघत होते.
त्याचे ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता.
पुढचा मला येत होता.
मी त्याच्याकडे पाहिलं,
आणि मला येतोय हे त्याला कळलं.

साखरेची बरणी त्यानं माझ्या डोक्यावर उलटी केली,
दुसरं करणार काय होता!

‘एक कॉफी,’ मी काउंटरपलीकडच्या बाईला म्हणालो,
‘आणि पायचा तुकडा. सफरचंदाचा.’
तिचा हात किटलीकडे गेला होता.
सवयीनं असेल. परत आला.

कॉफी मिळाली ती सात महिन्यांनी. पातळ होती.

पण मी सांगतोय ती त्या शनिवारची रात्र.
कोठडीतून सुटून टार्पलीबाईंच्या मागच्या अंगणात
मी वाकून उभा, केसांत साखरेचा चिकटा,
आणि क्लिओथा जगनं कोमट पाणी ओततोय,
हळूहळू, कानामागून.
बोटांनी गाठी सोडवता सोडवता त्यानं विचारलं,
मंगळवारी ते सगळं कुठून आणलंस रे?
म्हटलं, त्यांचंच. त्यांनीच दिलेलं.

पाणी थांबलं.
‘आईवरचा तो एक,’ तो म्हणाला,
‘तो त्यांचा नव्हता.’

मी वाकलेलाच होतो.
थोड्या वेळानं त्यानं जग पुन्हा कलता केला.