नऊ वाजेपर्यंत

(फ्लीटवुड, इंग्लंडचा वायव्य किनारा. मंगळवार)

बस, रीस. कोट राहू दे अंगावर,
क्लबचा हीटर मंगळवारी रुसतो.
दहा पौंडांना दोन हजारांच्या चिप्स.
खुर्ची ऊबदार व्हायच्या आत आणखी दहा टाक,
पहिल्या पत्त्यालाच ढीग दुप्पट हवा.
एक्क्यांची जोडी आली आणि समोर ढीग अर्धाच,
तर जिंकूनही अर्धंच जिंकलास.

नऊ वाजेपर्यंत मरण स्वस्त आहे इथे.
म्हणून तर भली माणसं पिसाळतात.
तो क्लिफर्ड बघ,
लोकांचे गॅसचे मीटर वाचण्यात हयात गेली,
घरी चहात साखर मोजून घालतो,
इथे सत्ती-दुरीवर सगळं आत लोटतो
आणि हसत हसत पाकीट उघडतो.
त्याला थाप मारायला जाऊ नकोस.
ज्याच्या कोपराशी नोट घडी घालून तयार आहे
त्याला भिववता येत नाही.
त्याला खरे पत्ते दाखवायचे. मोठे. आणि वाट बघायची.
मी सव्वीस वर्षं धक्क्यावर हॅडॉक चिरले,
दोन बोटांना अजून गार-गरम कळत नाही,
पण सुरी कधी लावायची ते कळतं.

पैसे घरीच मोजून निघायचं.
तीन रीबाय, एक अ‍ॅड-ऑन,
सगळे उजव्या खिशात.
ट्रामचं भाडं बुटात.
डावा खिसा शिवून टाक.
माझ्या लेनर्डला डावा खिसा होता,
त्यातून आमची अर्धी बोट गेली,
एका हिवाळ्यात,
दहा-दहा पौंडांनी.

हे सगळं आयुष्यासारखं आहे, असं मात्र म्हणू नकोस.
पाद्री म्हणतो.
तो खेळत नाही.

बेल झाली की पाय खा, मुतून ये,
आणि अ‍ॅड-ऑन घे. दहाला तीन हजार,
इतकं स्वस्त रात्रभर काही मिळणार नाही.
ढीग हनुवटीला लागला असेल तरच नको म्हण.
मग परत बसशील तेव्हा पत्ते बघू नकोस,
माणसं बघ.
पाकिटं आत गेलेली असतील.
कुणी हसत नसेल.
क्लिफर्ड पुन्हा साखर मोजणारा झाला असेल.
आता मार थाप.
कालपर्यंत, म्हणजे पाऊण तासापूर्वीपर्यंत,
जो दुरीवर मरत होता
तो आता राणीची जोडीसुद्धा सोडून देईल.

आता गप्प. पत्ते वाटतायत.

*

मी साडेनवालाच गेलो. चौकटचा गुलाम, फार आवडला मला.
तिच्या मागे उभा राहून बघत होतो.
मेविसनं अंगठ्यानं पत्त्यांची कड उचलली,
खाली ठेवली,
आणि दोन्ही तळव्यांनी सगळा ढीग पुढे लोटला,
जसं कुणी ओट्यावरून खरकटं लोटावं.

क्लिफर्डनं चष्मा काढला. पुसला. घातला.
पुन्हा काढला.
बाहेर खाडीवरचा भोंगा दोनदा वाजला.
त्यानं राणीची जोडी पालथी न घालता, उताणीच टाकली,
सगळ्यांना दिसावी म्हणून,
म्हणजे आपण काय सोडलं ते कुणाला तरी ठाऊक असावं.
तिनं आपले पत्ते पालथेच सरकवले.
मी पाहिले होते. सांगणार नाही.

चौघांना पैसे मिळतात. ती पाचवी आली.
काही बोलली नाही, मफलर शोधला,
क्लिफर्डच्या खांद्यावर जाता जाता थोपटलं.

ट्रामच्या थांब्यावर वारा आडवा येत होता.
तिच्याकडे म्हाताऱ्यांचा पास.
मी बाकावर बसून बूट काढला,
नोट ओलसर होती, टाचेच्या आकाराची.
लेस बांधून होईपर्यंत
ती समुद्राकडे बघत राहिली,
जिथे काहीच नव्हतं,
एक बोटसुद्धा.