शेवटचे चार आकडे

बाजव्याचा पूल उतरायला लागतो तिथे
कठड्याची जाळी कुणीतरी कापून ठेवली आहे,
नेमकी माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडाएवढी.
मी नाही कापली. वापरतो मात्र.

समुद्र इथून लांब.
पण खाऱ्या रणाकडून गाडी येते तेव्हा
वाघिणींच्या दारांच्या फटीतून मीठ सांडत जातं,
रुळांच्या कडेला एक पांढरी, तुटक रेघ,
आणि यार्डातली कुत्री ती चाटत चाटत
सिग्नलपर्यंत जातात.

वाघिणी म्हणतो आम्ही घरात मालडब्यांना.
पुलावरची पोरं हसतात,
"काका, वाघण क्यां छे?"
ही काय, म्हणतो, बेचाळीस गेल्या आत्ता तुमच्या समोरून.

एकतीस वर्षं सयाजी हॉस्पिटलात
मी लोकांना काचेपलीकडून एकच सांगत आलो:
श्वास लो. रोकी राखो. हलशो नहीं.
फासळ्या, मणके, गिळलेलं नाणं,
एका बाईच्या खांद्यात राहून गेलेली सुई,
सगळं दिसायचं.
आता बंद पेट्यांचे फोटो काढतो.
आत काय आहे ते कळत नाही
आणि कुणाला सांगावंही लागत नाही.
याचं सुख मोठं आहे.

शाल्मली पिपावावला असते.
जहाजातून काय आधी उतरेल, कुठल्या गाडीवर चढेल
याचे चौकोन ती पडद्यावर मांडते.
फोनवर आम्ही बोलतो ते असं:
जेवलीस का. हो. तुम्ही? हो. वारा आहे का. खूप.
मग दोघंही आपापल्या खिडकीतून बघत बसतो.

परवा म्हणाली, बाबा, एक गंमत.
निळा डबा, कोपऱ्यात चेपलेला,
शेवटचे चार आकडे सात शून्य चार एक.
पुढून अकरावा लावलाय.
उद्या दुपारी तुमच्या पुलाखालून जाईल.
काय आहे त्यात?
ते नाही सांगता येत. पण मी लावलाय.

सात शून्य चार एक. तिची आई ज्या खोलीत होती
तिचा नंबर सातशे चार. मी काही बोललो नाही.
तीही नाही.

अकरापासून उभा.
दलसुखभाई पॉइंट्समन ड्युटी संपवून वर आले,
थर्मासच्या झाकणात चहा दिला.
रेल्वे पोलिसानं विचारलं, शेनो फोटो पाडो छो?
दलसुखभाईच म्हणाले, "दीकरीनो डब्बो आवे छे."
तो थोडा वेळ बुचकळ्यात पडला,
मग आमच्याबरोबर वाकून बघायला लागला.

दोनला टँकरची रांग. तेल.
तीन वाजता कोळसा, रिकामा, खडखडत.
चार वाजून दहा मिनिटांनी कंटेनर:
आधी तारा कापल्या, मग पुलाच्या खांबांना कळलं,
मग मला तळव्यांतून.
श्वास घे. रोख. हलू नकोस.
पंचेचाळीस डबे, पंचेचाळीस फोटो,
एकही हललेला नाही.
इतकी स्वच्छ प्लेट मी नोकरीतसुद्धा काढली नव्हती.

अकरावा तपकिरी होता.
म्हटलं, मोजताना चुकलो असेन.
निळे सहा होते. सहाही पाठवून दिले.

रात्री तिचा निरोप आला:
"यात नाही बाबा.
गाडी लवकर सुटली म्हणे. आपला कालच गेला,
पहाटे अडीचला, छाणीवरून."

छाणी म्हणजे माझं घर.
रुळांपासून चारशे पावलं.

आठवलं मग.
काल झोपेत कधीतरी
फडताळातल्या कपबशा किणकिणल्या होत्या,
बराच वेळ, एकामागून एक.
आणि मी
उशी उलटी करून
कूस बदलली होती.