सेट निघाली

तिचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो,
दातांत चार खिळे धरून.
"बाबा, सेट निघाली!"
खिळे हातावर घेतले, म्हटलं,
"निघाली नाही गं, निघाला.
आणि निघाला कुठे, निघतोय अजून.
आत्ता देवघर उतरवलं."

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या आत,
बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये
सातशे बारा भाग नांदलेलं एक घर
त्या दिवशी आम्ही मोडत होतो.
तीन भिंतींचं. चौथीच्या जागी कॅमेरा.
संगमरवर म्हणजे चिकटवलेला कागद,
खांब एका हाताने उचलावेत असे,
आणि जिना बाराव्या पायरीला संपलेला.
रुसून वर गेलेली सून
पलीकडे स्टुलावर उभी राहायची, चपला हातात घेऊन,
खालची रडारड संपेपर्यंत.

मला सेट म्हणजे हे. बावीस वर्षं हेच.

खेडहून मेहुणा विचारतो, "काय, ठाण्यात सेट ना?"
मी म्हणतो, "रोज असतो."
तो हसत नाही. त्याला घराचं विचारायचं असतं.
घर कळव्याला, चढावर, दहा बाय बारा,
भिंती चारही खऱ्या, त्यातली एक बारमाही ओली.
स्लॅब टाकला तेव्हा गवंडी म्हणाला होता,
सेट होईस्तोवर पाय ठेवू नका कुणी.
आम्ही इतके दिवस थांबलो की
तोच येऊन म्हणाला, अहो, चढा आता.

विजयाचा लग्नातला कपबशांचा सेट:
बश्या सहा, कप उरलेत दोन.
तिच्या लेखी तो अजून सेटच आहे,
पाहुण्यांतल्या चौघांना ती स्टीलचे पेले देते.
सासऱ्यांचा सेट रात्रभर वाटीत हसत बसायचा.
ते गेले तेव्हा घाईत वाटीतच राहिला,
आणि आम्ही दोघं, कुणालाच न सांगता,
कळव्याच्या पुलावर जाऊन

असो.

"बाबा, ऐकताय ना? परीक्षा! सेटची परीक्षा!
चौथ्या वेळी निघाली!"
हर्षाली मराठी शिकवते,
ऐरोलीच्या कॉलेजात, तासावारी.
मे महिन्यात तास नसतात, म्हणून पैसेही नसतात.
तिनेच मग सावकाश समजावलं, शाळेतल्यासारखं:
परीक्षा ती, म्हणून सेट ती.
तुमचा तो. आजोबांच्या दातांचा तो.
दही मात्र सेट झालं.
शब्द इंग्रजांचा खरा,
पण लुगडं नेसवायचं की धोतर, ते आपण ठरवतो.

म्हणजे तुझ्या माझ्यात, मी म्हटलं,
एक काना आणि एक वेलांटी.

"मग आता नोकरी?"
"आता मी पात्र झाले, बाबा."
पात्रं आमच्याकडेही रोज यायची,
मेकअप करून बाकावर बसायची,
कुणाकुणाचं नाव दुपारपर्यंत पुकारलंच जायचं नाही.
हे मी बोललो नाही.
म्हटलं, "पेढे घेऊन येतो."

पेढे आणलेच. शिवाय टेम्पोवाल्या यादवला विनवून
वकील सासऱ्यांच्या दिवाणखान्यातलं कपाट.
त्या अख्ख्या घरात खरं लाकूड तेवढंच होतं.
पुस्तकं खोटी, नुसत्या पाठी चिकटवलेल्या,
सोनेरी अक्षरांत काहीच न लिहिलेल्या.
रात्री अकरापर्यंत पटाशीने खरवडत बसलो.
शेजारच्या दामलेबाई दोनदा डोकावून गेल्या.

मग हर्षालीने तिची पुस्तकं लावली,
फाटकी, झेरॉक्सची, कुणाकुणाची परत न केलेली.
कपाट डुगडुगलं.
आमच्या घरातली जमीन कुठे सरळ आहे?
तिने पर्समधून हॉल तिकीट काढलं,
चार घड्या घातल्या,
एका पायाखाली सरकवलं.

मी हाताने हलवून पाहिलं.
सवयीने पलीकडेही जाऊन पाहिलं,
मागे काय आहे ते.
ओली भिंत होती.