यूज्ड टू

ग्रिम्सबी. मंगळवारचा संध्याकाळचा वर्ग.
मिसेस ओल्डरॉइड फळ्यावर लिहितात: यूज्ड टू.
म्हणतात, एकच जोडी, दोन घरी नांदते.
नुसता 'आय' असेल तर
करायचे, आता करत नाही.
मध्ये 'अ‍ॅम' आला की
सवय झाली.
करा वाक्यं.

रासा क्लायपेडाची. बोटांना चिकटपट्ट्या.
ती लिहिते:
मी फार्मसीत गोळ्या मोजायचे.
मला कॉड चिरायची सवय झाली आहे.
आणि खाली, कोणी न सांगता, तिसरं:
आई फोनवर रडायची.

कोणाला कशाची सवय झाली
ते लिहायला पानावर रेघ उरली नव्हती.

मिसेस ओल्डरॉइड तिन्हींपुढे बरोबरची खूण करतात,
फार्मसीचं स्पेलिंग तेवढं सुधारतात.
वहीला माशांचा वास येतो.
त्यांना येत नाही.
जन्म गोदीवरचा.