साडेनऊ

बेंद्र्यांच्या थोरलीनं कुरडयांच्या चादरीची दोरी
नेमकी आमच्या डिशच्या दांड्याला बांधली
आणि मार्चच्या वाऱ्यानं चादर फुगली.
खाली मामांची कबड्डी चढाईतच गोठली,
मग निळा पडदा, मग पाटी : सिग्नल उपलब्ध नाही.

डिशवाला गोरख म्हणाला, चारशे, तेही सोमवारी.
हे चाकणला, दुसऱ्या पाळीत.
मी दहा नंबरचा पाना शोधला आणि गच्चीवर निघाले.

अडचण एकच. टीव्ही खाली, मी वर,
आणि टीव्हीसमोर मामा, ज्यांचे कान
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जमा आहेत,
सव्वीस वर्षांच्या नोकरीपोटी.
मी ओरडले तर मागच्या गल्लीतला कुत्रा उठेल, एवढंच.

म्हणून जाताना लेकीच्या पाटीवर लिहिलं :
खालची पट्टी बघा. वरची उगाच भरलेली असते.
दहाला एक बोट. हात खिडकीबाहेर.
त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं,
आणि फोरमनपुढं हलवावी तशी मान हलवली.

कठड्यावरून वाकलं की गजांमधून मनगट दिसतं, बाकी काही नाही.
आधी मूठ.
शून्याचं काही ठरलं नव्हतं, पण कळलं.

तोंड आग्नेयेला, म्हणजे विश्रांतवाडीतून
विमानतळाच्या जरा उजवीकडे.
बोल्ट सैल. तबकडी केसभर डावीकडे.
थांबायचं. खोक्याला विचार करायला तीन-चार सेकंद लागतात,
माणसासारखं ते लगेच नाही म्हणत नाही.
मूठ.
अजून केसभर.
दोन बोटं!
मी काय ओरडले ते फक्त टाकीवरच्या कबुतरांना माहीत.
तीन. चार. मग
चार आणि एक अर्धं.

डाव्या हाताची करंगळी पेऱ्यापासून नाही,
मी लग्न होऊन यायच्या आधीच मशीनमध्ये गेली.
चौदा वर्षं त्या हातापुढं ताट वाढलं,
बोटं कधी मोजली नव्हती.
आता उन्हात उभी राहून हिशेब करते :
पंचेचाळीस म्हणायचंय,
की पन्नासच आहेत आणि बोट कमी पडलं?
विचारणार कसं.

तेवढ्यात लोहगावहून दोन लढाऊ विमानं उठली.
टाकीचं झाकण थरथरलं,
पार्किंगमधल्या गाड्या कोकलायला लागल्या,
बेंद्र्यांची थोरली सोऱ्या टाकून कान झाकून बसली,
माझा पाना हातातून पडला.
खिडकीतला हात तसाच.
चार, आणि अर्धं. नखसुद्धा हललं नाही.

मग तबकडी वर उचलली,
किती, तर टिकलीएवढी,
आणि गजांबाहेर दुसरा हात आला.
सहा. सात.
इथं थांबायला हवं होतं. हाव सुटली.
दोन मुठी,
अशा आवळलेल्या की मला शिवी ऐकू आली.
चुकले, चुकले म्हणत मागं आणलं. सात.
आठ.
आणि मग दोन्ही पंजे ताणून उघडलेले :
साडेनऊ.
याच्या वर त्यांच्याकडं नाहीच काही.

बोल्ट आवळला. पाइपावर खिळ्यानं ओरखडा काढला,
पुढच्या वेळी कामाला येईल.
दोरी सोडून नळाला बांधली, थोरलीला बोलायची ती बोलले,
तिनं गरम चिकाचा गोळा हातावर ठेवला.
खाली पाहिलं तर हात गेलेले.
चढाई सुरू झाली असणार. आता मध्यंतराशिवाय
त्यांना माझी आठवण व्हायची नाही.

टाकीच्या सावलीत बसून चीक खाल्ला.
एवढं आम्ही दोघं
चौदा वर्षांत बोललो नव्हतो.

बऱ्याच वेळानं एक हात पुन्हा बाहेर आला.
आकडा नव्हता. तळवा वर,
काय गं, कुठं राहिलीस, असा.
मी कठड्यावरून दोन बोटं दाखवली : दोन मिनिटं.
तिथून त्यांना दिसणार नव्हतीच.